बाईंचा अबोला

बाईंचं नाव निघालं की आमच्या चर्चच्या मंडळीतली जुनी माणसं अजून डोळे पुसतात. मी पुसत नाही. मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहिले आहे, एका ताटातलं कालवण खाल्लं आहे आणि त्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवून नेवासे तालुक्यातली निम्मी गावं तुडवली आहेत. त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे, आणि चांगलंच बोललं पाहिजे अशी माझ्यावर काही सक्ती नाही.

आम्ही दोघी बायबलबाया. म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. मिशननं नेमलेल्या, पांढरं पातळ नेसलेल्या दोन बायका गावोगाव जायच्या. बायकांना जमवून पवित्र शास्त्रातलं काही वाचून दाखवायच्या, चित्रं दाखवायच्या, गाणी म्हणायच्या. नेहमी दोघी, कारण एकटी बाई रस्त्यानं फिरलेली लोकांना बघवत नाही. मी नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, पुढे या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली. हेच काम करायचं म्हणून लग्नसुद्धा केलं नाही. सोनईच्या अलीकडे आमचं गाव. घरात मी आणि आई, दोघीच. माझी आधीची जोडीदारीण गुडघ्यांनी बेजार झाली म्हणून घरी बसली आणि तिच्या जागी भंडारदऱ्याकडून बदली होऊन बाई आल्या. राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आमच्याच घरी उतरल्या.

बदली का झाली ते चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं नाही. पहिल्याच सकाळी माझं मला कळलं. न्हाणीच्या दगडावर बसून बाई मिश्री घासत होत्या आणि मधूनमधून थुंकत देवाशी बोलत होत्या. बायबलबाई आणि तंबाखू! आणि बोलणंही काय, तर त्या अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत तिच्याकडे बघ, थू, काल एस.टी.त माझ्या अंगावर खेकसला त्या कंडक्टरला थोडी अक्कल दे, थू. मी म्हटलं, "बाई, निदान प्रार्थनेच्या वेळी तरी मिश्री नको." बाई म्हणाल्या, "तोंड धुताना त्याच्याशी बोलू नये असं कुठं लिहिलंय? वचन दाखव, आजच्या आज सोडते." मी चार दिवस शास्त्र चाळलं. तसं वचन सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचा मला बाईंपेक्षा जास्त राग आला.

शास्त्रातल्या माणसांविषयी त्या शेजारपाजारच्या माणसांसारखं बोलायच्या. पौलाचं पत्र वाचताना दमल्या की चष्मा काढून म्हणायच्या, "याला बायको असती तर पत्रं निम्मी झाली असती." योना त्यांचा लाडका. का, तर तो देवाचं ऐकत नव्हता. मला त्या मास्तरीण म्हणायच्या. "चल मास्तरीण, चित्रं घे." चित्रांची जाड गुंडाळी मी वाहायची, मीच ती उलगडून हात दुखेपर्यंत धरायची, आणि बाई खाली बसून आरामात वाचायच्या. लोक बघणार कुणाकडे, तर बाईंकडे.

ते दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. आमच्याकडची सगळी बायामाणसं पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला. दुपारच्या सुट्टीत आम्ही तिथं जायचो. ख्रिस्ती बाया असायच्या, त्याहून जास्त मराठा, माळी, धनगर घरच्या असायच्या. सावलीला बसायला आणि कुणीतरी गोष्ट सांगायला, कुणाला नको असतं? बाई एक दाखला, म्हणजे प्रभूनं सांगितलेली बोधाची गोष्ट, वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "काय कळलं?" मग ज्या बाईला जे वाटेल ते ती सांगायची, आणि बाई म्हणायच्या, "बरं."

बस, एवढंच. चूक की बरोबर ते सांगायचं नाही. अर्थ सांगायचा नाही. नुसतं बरं.

एकदा हरवलेल्या नाण्याचा दाखला होता. एका बाईची दहा नाणी, त्यातलं एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणं सापडेपर्यंत थांबत नाही. बाईंनी विचारलं, काय कळलं? एक धनगरीण म्हणाली, "म्हंजी तुमचा देव बाई हाय म्हना की. हातात केरसुनी घिऊन समद्या जगात झाडत फिरतीया." बाकीच्या हसल्या. बाई म्हणाल्या, "बरं." माझ्या हातातली गुंडाळी खाली पडायची राहिली. रस्त्यात मी म्हटलं, "अहो बाई, बरं काय? ती आता गावभर सांगत फिरेल की देव केर काढतो." बाई म्हणाल्या, "सांगू दे की. तिला काहीतरी सांगावंसं वाटतंय, तुझं ऐकून कुणाला वाटलंय का?"

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. माझी पाळी असली की मी मुद्दे पाडून सांगायची. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा, आणि शेवटी आपण काय शिकलो. लहान पोरालाही कळावं इतकं सोपं. बाया माना डोलवायच्या, "लई छान सांगितलं बाय," म्हणायच्या आणि सरकारी खाऊचं, सुकडीचं वाटप सुरू झालं का ते बघायला उठायच्या. बाईंची पाळी असली की मुकादम ओरडेपर्यंत हलायच्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला लांबून बघितलं तरी विचारायच्या, "मोठ्या बाई आल्यात ना?" मी मात्र धाकटी बाई, चित्रं धरणारी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. म्हण वाईट आहे, देवाच्या माणसाला लावू नये, पण मी मनात लावायची.

आम्हाला शिकवलं होतं की देवाचा संदेश स्वच्छ आणि स्पष्ट आहे, गोंधळ असतो तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. मी हे बाईंना एकदा चांगलं सुनावलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "इतका स्पष्ट असता तर मिशननं पगार देऊन तुला कशाला नेमलं असतं?" मग थोड्या वेळानं, "प्रभूबरोबर हिंडणाऱ्या बारा शिष्यांना कळत नव्हतं गं. घरात शिरल्यावर हळूच विचारायचे, त्या दाखल्याचा अर्थ काय म्हणून. आणि या खडी फोडणाऱ्या बायांना दुपारच्या सुट्टीत कळावा?" त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, वर भिंतीनं शेंगा पुढं करायच्या.

पण हे सगळं मी गिळलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं होतं. ते आमच्या आईचं होतं.

मला एक धाकटा भाऊ होता. मी बोर्डिंगात होते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी आई चर्चमध्ये गेलेली, भाऊ घरी खेळत होता. कडब्याच्या गंजीपाशी त्याला पान लागलं. साप म्हणत नाहीत आमच्याकडे, पान म्हणतात. त्या दिवशी पाहुणे पाळक आले होते, त्यांचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला होता. आई घरी आली तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला ओट्यावर निजवलेलं होतं. त्यानंतर आई चर्चची पायरी चढली नाही. वडील वारले तेव्हाही प्रार्थना होईतो बाहेर उभी राहिली. "तिकडं ऐकत बसले नि हिकडं पोर गेलं," एवढंच म्हणायची. देव नाही असं कधी म्हणाली नाही. त्याच्या घरी जायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

माझी सगळ्या जन्माची इच्छा एकच होती. आईनं पुन्हा चर्चमध्ये यावं, मंडळीबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्यावी, आणि माझ्या हाताला धरून यावं. हो, माझ्याच हाताला. रोज संध्याकाळी घरात मी वाचायची, समजावून सांगायची. दुःख का येतं, देवाची योजना कशी असते, सगळं. आई धान्य निवडत ऐकायची. "कळलं का आई?" म्हटलं की म्हणायची, "व्हय, कळलं की." आणि रविवारी जात्याजवळ बसून राहायची. इतक्या वर्षांत मी एक मात्र सांभाळलं होतं. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाग मी तिच्यासमोर कधी वाचला नाही. प्रभू घरी येतो, मार्था कामात गुंतते, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. मार्था कुरकुरते आणि प्रभू म्हणतो, गरज एकाच गोष्टीची आहे, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय, तो तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही. हे आईला वाचून दाखवायला माणसाचं काळीज दगडाचं पाहिजे.

बाईंनी ते वाचलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मिलोची, अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, भाकरी नीट फुगायची नाही, कडा फुटायच्या. कानावर मार्थेचं नाव आलं तशी मी पिठाच्या हातानं बाहेर आले, बाईंना खुणा केल्या. बाईंनी बघितलं की नाही देव जाणे. शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि आईला विचारलं, "काय कळलं, आक्का?"

आईच्या हातात सूप होतं. तिनं ते खाली ठेवलं. म्हणाली, "मी बी ऐकतच बसले हुते, बाई. माज्याकडनं तर घेतलं की काढून."

बाई या वेळी बरं म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, बोट ठेवून तोच भाग मनात वाचला, मग पुन्हा वाचला. मी म्हटलं, "अगं आई, चांगला वाटा म्हणजे वचन. ते कुणी काढून घेत नाही, असा अर्थ आहे. पोरांविषयी नाही ते." हे उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे, कुठल्याही पाळकाला विचारा. आई म्हणाली, "व्हय, कळलं," आणि सूप उचललं. बाई मात्र उठल्या आणि तशाच न जेवता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दगडावर मिश्री होती, थुंकणं होतं, बोलणं नव्हतं. तलावाच्या कामावर गेलो तर म्हणतात, "मास्तरीण, आज तू वाच."

"का? बरं नाही का तुम्हाला?"

"माझा आणि त्याचा अबोला आहे," बाई म्हणाल्या.

आता सांगा, पगारी बायबलबाईनं देवाशी अबोला धरायचा म्हणजे काय? पण कामावरच्या बाया इतक्या खूश झाल्या की विचारू नका. एकीनं विचारलं, "नवऱ्यासंगं धरतो तसा?" बाई म्हणाल्या, "तस्साच. मी विचारलंय, त्यानं आधी सांगावं." झालं. मी जीव तोडून जक्कयाची गोष्ट सांगतेय, मुद्दे पाडतेय, आणि बाया एकमेकींत बोलतायत की मोठ्या बाईंनी माघार घेऊ नये म्हणून. रोज आम्ही दिसलो की पहिला प्रश्न, "सुटला का अबोला?" रविवारी बाई चर्चपर्यंत यायच्या आणि दाराबाहेरच्या लिंबाखाली बसायच्या. आत यायच्या नाहीत. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले, "बसू द्या, त्यांचं ते बघतील." मी एक रविवार लिंबाखाली बसले असते तर कमिटी भरली असती.

घरी आईला हे मीच सांगितलं, बाईंची जरा किंमत उतरावी म्हणून. झालं उलटंच. आई काळजीत पडली. जेवताना बाईंना म्हणाली, "माज्यापायी कशाला हे, बाई? तुमची नोकरीच ती हाय."

"तुमच्यापायी नाही," बाई म्हणाल्या. "मला उत्तर पाहिजे. तुम्ही नाही का धरलाय अबोला, इतकी वर्षं?"

"मी कुटं धरलाय?" आई म्हणाली. "मी रोज भांडते त्याच्यासंगं. सकाळी पीठ मळताना. लई बोलते त्याला. तोंडाला यील ते बोलते."

मी त्याच घरात राहत होते. त्याच चुलीशेजारी मी सकाळी डोळे मिटून शांत प्रार्थना करायची. आईचे ओठ हलताना मी पाहिले होते, जुनं गाणं गुणगुणत असेल असं वाटायचं. मला कधी सांगितलं नाही. आलेल्या पाहुणीला सांगितलं, भाकरी मोडता मोडता.

बाईंनी फक्त विचारलं, "काही म्हणतो का तो?"

"न्हाई. पर ऐकून घेतो, असं वाटतं."

"मग तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या," बाई म्हणाल्या, आणि आईच्या ताटात स्वतःच्या वाट्याची चटणी वाढली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्यासाठीचा पाव पाळकसाहेब नगरहून आणायचे. त्या वेळी त्यांचा निरोप आला की पाव मिळत नाही, गावातच भाकरी करून घ्या. मी आईला म्हटलं, दोन भाकरी थाप, मी नेते. आई म्हणाली, गार झाल्या तर तुटत न्हाईत, उशिरा थापते. मला सतरंज्या अंथरायच्या होत्या, पेटी काढून ठेवायची होती. मी पुढे गेले. मनात होतं, शेजारच्या कुणाच्या तरी हाती ती पाठवून देईल.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी पेटीवर होते. आमच्याकडे पेटी पुढे, पाळकांकडे तोंड करून, दाराकडे वाजवणाऱ्याची पाठ. आई फडक्यात भाकरी गुंडाळून स्वतः आली. लिंबाखाली बाई बसलेल्या. तिथं दोघींचं काय बोलणं झालं ते ज्यानं त्यानं वेगळं सांगितलं. कुणी म्हणतं, आईनं बाईंना हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "चला, तुमी असं भायेर बसलेलं मला बगवत न्हाई." कुणी म्हणतं, बाईंनीच आईचा हात धरला. चार शुभवर्तमानांत एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितलीय, तसंच हे. मी बाईंना विचारलं, अबोला खरा होता की आईला आणायचा डाव? त्या म्हणाल्या, "मलाही नीट कळलेलं नाही." पुढे त्यांची काष्टीकडे बदली झाली, तिथंच वारल्या. अर्थ न सांगताच गेल्या.

गाणं चाललं होतं, तेव्हा मागं कुजबुज झाली, माना वळल्या. मी वळले नाही. ऐन कडव्यात होते. भाकर वाटताना मागं पाहिलं तर आई मागच्या रांगेत बसलेली, बाईंच्या खांद्याला खांदा लावून. पाळकसाहेबांनी लाल भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बराच वेळ बघितला आणि खाल्ला. सगळी मंडळी रडत होती. मीही रडत होते, पण कशामुळे ते मला विचारू नका. देवा, आई आली, एवढं मला पुरायला पाहिजे होतं. नाही पुरलं.

घरी जाताना बाई मागं राहिल्या, लोकांनी त्यांना गराडा घातला होता. आई आणि मी पुढे निघालो. वाटेत आई म्हणाली, "दारात लई येळ हुबी हुते मी. पाय आत पडंना. तू मागं बगशील वाटलं."

"पेटी होती ना गं हातात," मी म्हटलं. "मी थांबले असते तर गाणं मोडलं असतं."

"व्हय," आई म्हणाली. "ते बी खरं."

आणि ते खरंच होतं. कुणीतरी वाजवायला हवंच होतं. पण पेटीवर त्या दिवशी बाई असत्या, तर भाता सोडून, गाणं अर्ध्यात टाकून त्या दाराकडे गेल्या असत्या. मंडळीनं ते मोडलेलं गाणंसुद्धा गोड मानून घेतलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून मी बाईंना अजून माफ केलेलं नाही.